नवऱ्याची बदली कोल्हापूरला, माझी कुठे?

सांबारवडी | सोमवार, १४ जुलै २०२५, रात्री १०.५२

नमस्कार मंडळी. चार वर्षं या मंचावर नुसतं वाचलं, कुणाच्या पाककृतीखाली "छान" एवढंही लिहिलं नाही. आज थेट धागाच काढतेय. जिलबी पाडली (म्हणजे उगाच धागा काढला) म्हणून हिणवू नका, आधीच कावलेय.

मी नागपूरची. २०१२ला मेटलर्जीत बी.टेक. झाले. कॅम्पसला धातूवाल्या दोन कंपन्या आल्या. दोघांनीही मुलींना एकच प्रश्न विचारला, "रात्रपाळी जमेल का?" मी "हो" म्हटलं, त्यांनी "कळवतो" म्हटलं. मग सॉफ्टवेअरवाले आले, त्यांनी काही विचारलंच नाही. तेव्हापासून तेरा वर्षं पुण्यात मॅन्युअल टेस्टिंग. दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या, नोंदवायच्या, दुरुस्त झाल्या का ते पाहायचं. काम वाईट नव्हतं. पण आवडतं का, असं कुणी विचारलं असतं तर मी पगाराचा आकडा सांगितला असता.

एप्रिलमध्ये नवऱ्याची बदली कोल्हापूरला झाली. बँकेतला माणूस, दर तीन वर्षांनी बिऱ्हाड पाठीवर. मला वाटलं होतं माझं घरून काम चालू राहील. मेमध्ये कंपनीनं सांगितलं, आठवड्यातले तीन दिवस ऑफिसात दिसायला हवं. कोल्हापूर-पुणे सव्वादोनशे किलोमीटरच्या वर, त्यात महामार्गाचं सहापदरीकरण चाललेलं. तीन आठवडे रेटलं. तिसऱ्या आठवड्यात लेकीला ताप चढला तेव्हा मी कराडच्या अलीकडे ट्रकांच्या रांगेत अडीच तास उभी होते. दुसऱ्या दिवशी राजीनामा.

आता राजारामपुरीत भाड्यानं राहतोय. घरमालकीणबाई प्रेमळ आहेत, पण पहिल्याच दिवशी दारात येऊन म्हणाल्या, "मी जरा देवळात जाऊन आलो." मी त्यांच्या मागे कोण पुरुष उभा आहे ते पाहून राहिले. भाजीवाल्याकडे सांबार मागितला तर तो म्हणाला, "ते हॉटेलात मिळतंय वैनी." (आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर हो.) आणि सगळीकडे माझी ओळख एकच, बँकेतल्या साहेबांच्या मिसेस. पुण्यात मला कुणी ओळखत नव्हतं, पण निदान चुकीचं तरी ओळखत नव्हतं.

मुद्दा असा. नवऱ्याच्या शाखेत एक खातेदार येतात, शिरोली एमआयडीसीत त्यांची फाउंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना आहे. बोलता बोलता माझ्या डिग्रीचा विषय निघाला, तर ते खुर्चीतून उठलेच म्हणे. लॅबला माणूस मिळत नाहीये. पगार बत्तीस हजार. मी सोडला तेव्हा हातात एक लाख दहा हजार येत होते. पुण्यातल्या फ्लॅटचा हप्ता चालू आहे, भाड्यातून त्यातला जेमतेम अर्धा निघतो. आणि मेटलर्जीतलं मला काय आठवतं? लोखंड-कार्बनच्या आलेखातले ०.८, ४.३ आणि ७२३. बस, तीन आकडे.

टेस्टिंगच्या ऑटोमेशनचा कोर्सही लावलाय, अर्धा झालाय. लॅपटॉप उघडते, बाहेर पाऊस पडत असतो, लॅपटॉप मिटते.

काय करू? कोल्हापूरकरांनी आणि बदलीग्रस्तांनी जरूर लिहा.

निमूट वाचक | १४ जुलै, रात्री ११.१५

वाचतोय.

चष्मेबहाद्दर | १४ जुलै, रात्री ११.४०

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. बत्तीस हजार म्हणजे तुम्ही तेरा वर्षं पुसून फ्रेशरच्या रांगेत उभ्या राहताय. मॅन्युअल टेस्टिंगचे दिवस संपत आलेत हे खरं, पण त्याचा उपाय ऑटोमेशन आहे, भट्टी नव्हे. सहा महिने मान मोडून शिका, पूर्ण घरून असलेल्या नोकऱ्या कमी झाल्यात पण संपलेल्या नाहीत. आणि तीन वर्षांनी यजमानांची बदली लातूरला झाली की तिथे काय फाउंड्री शोधणार? लॅपटॉप कुठेही नेता येतो.

दुसरं जास्त महत्त्वाचं. ज्याचं कर्ज नवऱ्याच्या शाखेत, त्याच्याकडे बायको नोकरीला? हे बँकेला कळवलंय का? आज सगळं गोड आहे, उद्या ते खातं थकलं तर पहिलं बोट कुणाकडे जाईल?

पेठकर | १५ जुलै, सकाळी ७.०५

सांबारवडी ताई, कोल्हापुरात सोगत! (आमच्यात असंच म्हणत्यात.) पहिली चूक, राजारामपुरीत घर घेतलं. ते कोल्हापूर न्हवं, गल्ल्यांना नंबर देऊन ठेवलेलं नवं गाव हाय. पेठेत या. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार तालमींची फुटबॉल मॅच बघा. मॅच संपल्यावर कुणाच्या बाजूनं वरडायचं ते ठरलं की तुमी कोल्हापूरकर. नोकरीचं मग बघू.

बायका "मी आलो, मी गेलो" म्हणत्यात त्यात हसण्यासारखं काय हाय? आमची आज्जी जन्मभर तसंच बोलली आणि अख्खी तालीम तिला घाबरून असायची.

मालवणी माहेर | १५ जुलै, दुपारी २.२०

तुमचा धागा वाचून माझं २००३ डोळ्यांपुढे आलं. कणकवलीहून लग्न होऊन आले. पहिले आठ महिने मी या शहराशी भांडत होते. आमच्याकडे माणूस पोटात ठेवून बोलतो, इथे सगळं ओठावर, तेही मोठ्यानं. शेजारीण "काय केलंयसा जेवायला" असं विचारत थेट ओट्यापाशी यायची. मला वाटायचं, ही चौकशी करतेय. ती खरं तर वाटी घेऊन आलेली असायची.

मी काय केलं सांगते. प्रेक्षणीय स्थळं बघणं थांबवलं. रोज सकाळी सहाला रंकाळ्यावर, रोज त्याच बाकाजवळ. दोन महिन्यांनी लोक आपणहून मान हलवायला लागले, सहा महिन्यांनी एका दिवसाची गैरहजेरी विचारायला लागले. संध्याकाळी गंगावेशीत दूध कट्ट्यावर जा, म्हैस समोर पिळून फेसाळ पेला हातात देतात, तिथे उभं राहून ऐकलेल्या गप्पांवर माझं निम्मं कोल्हापुरी झालं.

नोकरीबद्दल मला फार कळत नाही. मी लॅब टेक्निशियन होते, इथे येऊन शाळेत शिकवायला लागले. पहिल्या महिन्याचा पगार बघून रडले होते. (तेव्हाचा तो आकडा लिहीत नाही, माझे विद्यार्थी इथे वाचतात.)

उद्यमनगरी | १५ जुलै, रात्री ९.३०

ताई, मी एकसष्ट वर्षांचा, चाळीस वर्षं ओतकामात गेली. शिवाजी उद्यमनगरात पत्र्याच्या शेडमधे पोरगा म्हणून लागलो, शिरोलीतून मेल्टिंग सुपरवायझर म्हणून बाहेर पडलो. टायपिंग हळू हाय, सांभाळून घ्या.

पहिलं, फाउंड्री म्हंजे काय कमीपणाची जागा न्हाई. हे गाव दोन गोष्टींवर उभारलंय, ऊस आणि बीड (म्हंजे ओतीव लोखंड). शेताला पाणी पायजे म्हणून ऑइल इंजिन आलं, इंजिन बिघडाय लागलं म्हणून मेस्त्री तयार झालं, मेस्त्रीला पार्ट मिळंना म्हणून त्यानं स्वतः ओतलं. गुऱ्हाळाचे चरक ओतता ओतता आमी मोटारींचे, ट्रॅक्टरचे, पंपांचे पार्ट ओताय लागलो. आज देशात कुठलीबी चारचाकी उघडा, एखादा तुकडा तरी आमच्या मातीतनं निघालेला असंल.

दुसरं, लॅबला माणूस मिळत न्हाई हे खरं हाय. पोरं मेटलर्जी शिकत्यात आणि पुण्याला जाऊन कॉम्प्युटरवर बसत्यात. (तुमाला न्हाई म्हणत. म्हंजे तुमालाच म्हणतोय.)

तिसरं, मुलाखतीला जाल तवा पगाराआधी माती विचारा, साचे मातीचेच असत्यात. लॅबमधे सँड टेस्टिंग (मातीची चाचणी) होतंय का नुसता स्पेक्ट्रो (धातूत काय किती हाय ते सांगणारं यंत्र) शोभेला ठेवलाय? मातीचा ओलावा दिवसातनं कितींदा बघत्यात? रिजेक्शन किती, असं विचाराल तर मालक खोटं सांगंल, म्हणून फेटलिंगच्या (ओतलेला माल साफ करत्यात त्या खात्याच्या) मागं जाऊन परत भट्टीत जाणाऱ्या मालाचा ढीग बघा. ढीग खोटं बोलत न्हाई. आणि मेल्टर (भट्टी सांभाळणारा) कोण हाय ते बघा. मेल्टर चांगला असंल तर बत्तीस हजारात तुमी शिकालासा. न्हाईतर दोन लाखातबी नुसती सही करालासा.

चष्मेबहाद्दर साहेबांचं कर्जाचं म्हणणं मात्र बरोबर हाय. ते आधी मिटवा.

सांबारवडी | रविवार, २० जुलै, दुपारी ४.१०

सगळ्यांचे आभार. चष्मेबहाद्दर, राग कसला, तुमच्यामुळे घरात दोन दिवस चर्चा झाली. नवऱ्यानं नियम काढून पाहिले. नातेवाईक कर्जदाराकडे नोकरीला लागला तर बँकेला कळवावं लागतं, आणि कळवलं तरी मनात किंतू राहणारच. त्या गृहस्थांना "नको" सांगितलं. ते हसून म्हणाले, "मग माझ्या मित्राकडं जावा, त्याचं खातं दुसऱ्या बँकेत हाय." म्हणजे आता दुसरी फाउंड्री, शिरोलीचीच. पगार दोन हजारांनी कमी!

काल जाऊन आले. उद्यमनगरी काका, तुम्ही सांगितलं तसं आधी ढीग पाहिला. मोठा होता. मालकांना विचारलं तर म्हणाले, "पावसाळ्यात असतंयच." लॅब म्हणजे दहा बाय बाराची खोली. स्पेक्ट्रोमीटर चांगला आहे, शेजारी मातीच्या चाचणीची यंत्रं आहेत, पण त्यांच्यावर धूळ. ओलाव्याच्या रजिस्टरमध्ये चार महिने रोज ३.५ लिहिलंय. एकाच पेनानं, एकाच दिवशी लिहिल्यासारखं. तेरा वर्षं हेच तर पकडत आलेय मी. ज्युनियर मुलं चाचणी न करता "पास" लिहायची, तेव्हाही सगळे आकडे असेच देखणे असायचे.

मग भट्टीपाशी गेलो. मेल्टरना सगळे आबा म्हणतात, सत्तरीला टेकलेले. त्यांनी लॅडलमधून थोडा रस पाचरीच्या आकाराच्या साच्यात ओतला, गोठू दिला, पाण्यात बुडवला, हातोडीनं मोडला आणि तुटलेली कड माझ्यापुढे धरली. टोकाला पांढरी पट्टी, मागे करडं. "किती?" मी गप्प. ते म्हणाले, "कार्बन ३.३५, सिलिकॉन दोनच्या खाली." तेवढ्यात लॅबच्या पोरानं त्याच रसाची चकती घासून स्पेक्ट्रोवर ठेवली, ठिणगी उडाली, मिनिटाच्या आत आकडे आले. ३.३७ आणि १.९४. आबांनी पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मंडळी, मला कॉलेजातलं काही आठवत नव्हतं म्हणाले ना? ती पांढरी पट्टी पाहिली आणि धडाधड आठवलं. थंडावा लवकर, कार्बनला ग्रॅफाइट व्हायला वेळ नाही, म्हणून तो लोखंडाशी बांधला जातो, म्हणून पांढरं, म्हणून कडक, म्हणून ठिसूळ. तेरा वर्षांनी डोक्यातलं एक कुलूप उघडलं आणि आत सामान जागच्या जागी.

घरी येताना पंचगंगेचा पूल लागतो. नदी फुगलेली. स्कूटरवर मागे बसून विचार करत होते की तीस हजार, तीस हजार, तीस हजार.

अजून हो म्हटलेलं नाही.

मागवाला | २० जुलै, संध्याकाळी ६.४५

इचलकरंजीतून हजेरी. आमच्या मागांवर या, लोखंडापेक्षा कापूस हलका असतो. बाकी तुमचा निर्णय तुम्ही काल भट्टीपाशीच घेतलाय, फक्त आम्हाला कळवायचा राहिलाय.

चष्मेबहाद्दर | २० जुलै, रात्री ८.३०

कुलूप वगैरे सुंदर लिहिलंय. हप्ता कोण भरणार?

मालवणी माहेर | २० जुलै, रात्री ९.००

चष्मेबहाद्दर, तुमचा प्रश्न रास्त आहे पण विचारायची पद्धत अगदी मेल्टरच्या हातोडीसारखी आहे.

सांबारवडी | २१ जुलै, सकाळी ११.२५

हप्त्याचं गणित मांडते, कारण ते कुणीच मांडत नाही. पुण्यात माझ्या एक लाख दहापैकी पाळणाघर, कॅब, बाहेरचं खाणं आणि "आज फार दमलोय" या नावाखाली होणारी खरेदी मिळून पस्तीस-चाळीस जायचे. इथे घरभाडं निम्म्याहून कमी. लेकीला शाळेतून आल्यावर घरमालकीणबाई सांभाळायला तयार आहेत, पैसे काढले तर रागावल्या. तरीही दरमहा साधारण पंचवीस हजारांचा खड्डा पडतोच. तो माझ्या साठवणीतून दीड वर्ष भरता येईल. दीड वर्षात पगार वाढला नाही तर चष्मेबहाद्दर जिंकले, मी इथे येऊन जाहीर कबूल करेन.

पेठकर | २१ जुलै, दुपारी १२.०२

पैज लागली!! हरणाऱ्यानं तांबडा-पांढरा घालायचा.

सांबारवडी | रविवार, ३ ऑगस्ट, रात्री १०.१५

शुक्रवारपासून रुजू झाले. एक अडचण. मालक म्हणतात पुढे कधीमधी रात्रपाळीला यावं लागेल. २०१२ला याच प्रश्नानं मला धातूतून बाहेर काढलं होतं. आता मी खरंच येऊ शकते का? म्हणजे कायद्यानं?

उद्यमनगरी | ४ ऑगस्ट, सकाळी ६.५०

बऱ्याच भट्ट्या रात्रीच पेटायच्या, वीज स्वस्त पडायची म्हणून. आमच्या विजेचा दर बघून लोक निपाणी-बेळगावकडं बघत बसत्यात, ती रड जुनी हाय. पण तुमी लॅबच्या, पहिली हीट (भट्टीतला एका वेळचा रस) लागताना असलासा तरी पुष्कळ. सकाळची पाळी मागून घ्या.

पुढची तारीख | मंगळवार, १९ ऑगस्ट, रात्री ११.३०

उशिरा आलो, कारण कालपर्यंत डोकं वर काढायला वेळ नव्हता. मी वकील. मूळ सांगलीकडचा, अकरा वर्षं मुंबईत. १८ तारखेपासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, सहा जिल्ह्यांसाठी. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग. आमच्याकडच्या वकिलांनी यासाठी चाळीसेक वर्षं आंदोलनं केली, आणि झालं तेव्हा माझी धांदल अशी की कल्याणची खोली सोडू की ठेवू. सिनियरांचा हात सोडून स्वतःची पाटी लावायची तर हीच वेळ. सध्या मित्राच्या गच्चीवरच्या खोलीत राहतोय, सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत दिवसभर, आणि भाड्याचे दर तर बेंचची घोषणा झाल्यापासून असे चढलेत की घरमालकांनीच याचिका केली होती की काय अशी शंका येते.

तुमच्या प्रश्नाबद्दल. आज, म्हणजे ऑगस्ट २०२५ला, लागू असलेला कारखाने अधिनियम १९४८, कलम ६६. त्यात स्त्रियांना सकाळी सहा ते संध्याकाळी सात याबाहेर कामावर ठेवायला मनाई होती. महाराष्ट्रानं २०१५च्या दुरुस्तीनं ती सैल केली, पण सुरक्षितता, जाण्यायेण्याची सोय वगैरे अटींवर. म्हणजे मालकानं व्यवस्था केली तर तुम्ही येऊ शकता, व्यवस्था न करता "या" म्हणू शकत नाही. घरी सोडायला गाडी कोणती, सोबत कोण, हे लेखी मागा. २०१२च्या त्या कंपन्यांनी मुळात तुम्हाला न विचारता कायद्याकडे बोट दाखवायला हवं होतं. विचारून ओझं तुमच्यावर टाकलं.

सांबारवडी | १९ ऑगस्ट, रात्री ११.५५

शेवटचं वाक्य तीनदा वाचलं. तेरा वर्षं मला वाटत होतं की मी "हो" नीट ठामपणे म्हटलं नसेल.

पेठकर | २० ऑगस्ट, सकाळी ७.३०

वकीलसाहेब, खोली बघतो तुमच्यासाठी. पण पेठेत. पावणेदहाला कोर्टात चालत पोचालासा.

सांबारवडी | रविवार, ७ सप्टेंबर, रात्री ९.४०

गौरी-गणपती झाले, आता लिहिते. लांबेल.

ऑगस्टचा पाऊस. कारखान्यात सकाळी पहिला प्रश्न एकच, "राजाराम बंधाऱ्यावर किती?" पंचगंगेची पातळी इथे क्रिकेटच्या स्कोअरसारखी विचारतात. एकोणचाळीस फूट म्हणजे इशारा, त्रेचाळीस म्हणजे धोका, हे मला महिन्याभरात शेजारच्या चौथीतल्या मुलाकडून कळलं. २०१९ला शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला होता, तेव्हा काही लोक कारखान्यात अडकून पडले, तांदूळ-डाळ तिथेच शिजवत होते, असं आबा सांगतात. माझ्या बॅगेत आता एक जादा साडी आणि लेकीच्या शाळेचा नंबर कागदावर लिहून ठेवलेला असतो.

आता काम. मी पहिले पंधरा दिवस काहीच सुधारलं नाही. फक्त वही घातली. रिजेक्ट झालेला प्रत्येक तुकडा कुठल्या हीटचा, किती वाजता ओतला, दोष काय, कुठल्या बाजूला, मातीचा ओलावा तेव्हा खरंच किती. टेस्टिंगमध्ये आम्ही हेच करायचो. चूक सापडली की आधी विचारायचं, ही पुन्हा कधी होते? पोरं हसायची. "मॅडम मेलेल्या मालाची जन्मपत्रिका काढत्यात."

तिसऱ्या आठवड्यात दिसायला लागलं. एका पंपाच्या भागात पोकळ्या पडत होत्या, आणि त्यातल्या बहुतेक सकाळच्या पहिल्या दीड तासातल्या. दुपारचा माल स्वच्छ. सगळे मातीला दोष देत होते. मातीचा ओलावा मी मोजला, सकाळी आणि दुपारी जवळजवळ सारखाच. मग उरला कोअर, म्हणजे भागात पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवतात तो मातीचा गाभा. आमचे कोअर सिलिकेटचे, संध्याकाळी बनवून रात्रभर उघड्या रॅकवर ठेवतात. पावसाळी हवा रात्रभर त्यात मुरते. सकाळी चौदाशे अंशांचा रस त्यावर पडला की त्या ओलाव्याची वाफ होणार, ती बाहेर पडायला वाट शोधणार, आणि सापडली नाही तर लोखंडातच घर करणार.

मोठ्या उत्साहानं आबांना वही दाखवली. त्यांनी चष्मा लावून पानं उलटली आणि म्हणाले, "हे मला म्हाईत हाय की. मी मालकांच्या वडलांस्नी पण सांगितलेलं."

मी खट्टू. "मग काही केलं का नाही?"

"मी सांगितलेलं. लिवलेलं न्हवतं."

वही मालकांसमोर गेली. दुसऱ्या दिवशी कोअर झाकून, बल्ब लावलेल्या कपाटात. जुन्या लाकडी कपाटाला आतून पत्रा मारला, खर्च किरकोळ. ढीग संपलेला नाही, पण त्या एका भागाचा सकाळचा ढीग आता पाटीत मावतो. मालक खूश, पगाराचा विषय मात्र त्यांनी काढला नाही, मीही नाही. सहा महिने थांबते.

वाईटही सांगते. केसातून काळी धूळ जात नाही. पायांना संध्याकाळी सूज येते. मी सोडून शॉपफ्लोअरवर दोनच बायका, दोघीही झाडलोटीला, आणि बायकांचं स्वच्छतागृह ऑफिसच्या इमारतीत, भट्टीपासून चांगलं चार मिनिटांच्या अंतरावर. ते मागून घ्यायला वकीलसाहेब तुमचा मसुदा लागेल. पुण्याच्या जुन्या टीमचा ग्रुप अजून सोडलेला नाही. कुणाची बढती झाली की रात्री उशिरापर्यंत झोप लागत नाही. काय करून राहिलो आपण, असं होतं.

उद्यमनगरी | ७ सप्टेंबर, रात्री १०.३०

सांगितलं पण लिवलं न्हाई. ताई, आमच्या अख्ख्या उद्यमनगराची गोष्ट एका वाक्यात आली. मी रिटायर झालो तवा पोरं म्हणाली, अण्णा तुमचं डोकं हितंच ठेवून जावा. कुठं ठेवणार? वही असती तर ठेवलं असतं.

एक सुधारणा. कपाटात बल्ब लावलाय त्यापाशी कोअर फार जवळ ठेवू नका, एका बाजूनं तडकत्यात.

चष्मेबहाद्दर | ८ सप्टेंबर, सकाळी ९.१०

कोअरचं प्रकरण आवडलं, टेस्टर म्हणून तुम्हाला दहापैकी नऊ. पण माझा मूळ मुद्दा तसाच आहे. हेच काम पुण्यातल्या मोठ्या वाहन कंपनीत तिप्पट पगारात मिळालं असतं. वर्षभर अनुभव घ्या आणि अर्ज टाकत राहा.

(माझ्याही कंपनीत गेल्या आठवड्यात चाळीस जणांना निरोप मिळाला. मी यादीत नव्हतो. यावेळी.)

मालवणी माहेर | ८ सप्टेंबर, सकाळी ९.३०

चष्मेबहाद्दर, काळजी घ्या. आणि पुण्यातून कधी इकडे आलात तर जेवायलाच या.

सांबारवडी | सोमवार, १० नोव्हेंबर, रात्री ८.५०

धागा वर काढतेय. आमच्या कारखान्याची सुट्टी सोमवारी, नवऱ्याची रविवारी, त्यामुळे आम्ही दोघं सलग जागेपणी फक्त रात्री भेटतो. आज लेक शाळेत, नवरा बँकेत, म्हणून दुपारी एकटीच अंबाबाईच्या देवळाकडे गेले. किरणोत्सवाचे दिवस, मावळतीची किरणं देवीच्या मूर्तीपर्यंत पोचतात ते. गर्दीत आत शिरणं शक्य नव्हतं, घाटी दरवाज्याबाहेर थांबले. तिथे फुलांच्या टपरीवरच्या बाई म्हणाल्या, "आत जा की, हितं काय करायलाईस?" मी म्हटलं, "मी थोड्या वेळानं जातो."

जातो! तोंडातून निघून गेलं. त्यांना काही वाटलं नाही. मलाच गदगदल्यासारखं झालं.

घरी आल्यावर नवरा म्हणाला, मुदतीआधी बदली मागता येते, नागपूरला जागा होतेय, आई-बाबांच्या जवळ जाऊ, विचारू का? सहा महिन्यांपूर्वी मी बॅग भरून दारात बसले असते. आता मी त्याला सांगितलं की तुझी तीन वर्षं पूर्ण कर. तो म्हणाला, "तुझ्यासाठीच म्हणत होतो." मी म्हटलं, "मग माझ्यासाठीच राहा."

आणि उद्यमनगरी काकांसाठी खास. परवा आबांनी पाचर मोडून माझ्यापुढे धरली आणि स्पेक्ट्रोच्या पोराला थांबवलं. मी बराच वेळ कड पाहिली, उजेडाकडे वळवली, ३.३५ म्हटलं. आलं ३.४३. आबा म्हणाले, "अजून दोन पावसाळं जाऊ देत."

बाकी एक शंका. सुट्टी सोमवारची, तर सोमवारी चांगलं मटण कुठे मिळेल? लेकीला पांढरा रस्सा करून घालायचाय.

उद्यमनगरी | १० नोव्हेंबर, रात्री ९.०५

०.०८ चा फरक. मला पयल्या वर्षी ०.२ चा पडत हुता. सिलिकॉन किती सांगितलासा ते लिवलं न्हाई तुमी.

पेठकर | १० नोव्हेंबर, रात्री ९.०७

सोमवारी?? मटण?? ताई, हे घरमालकीणबाईंच्या कानावर जाऊ देऊ नका. बुधवारी या, आमच्या कोपऱ्यावरच्या मामाला सांगून ठेवतो. आणि ती पैज अजून चालू हाय, चष्मेबहाद्दर कुठं गेले?